शिडाच्या होडीची चेनप्लेट: काढणं, तपासणं आणि मजबूत करून परत बसवणं

फायबरच्या छोट्या होडीची डोलकाठी आडवी झाली की सगळ्यांचं लक्ष आधी तारेकडे जातं. तार पुष्कळदा धडधाकट असते. सुटलेली असते ती तारेच्या खालच्या टोकाची चेनप्लेट, म्हणजे होडीच्या बाजूला बोल्टनं बसवलेली स्टेनलेसची पट्टी. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारांना श्राउड म्हणतात आणि पुढे नाळेकडे जाणाऱ्या तारेला फोरस्टे. या तिन्ही तारांपैकी प्रत्येकीचा सगळा ताण शेवटी हाताच्या पंज्याएवढ्या जागेवर येतो. ती जागा डेकखाली झाकलेली असल्यामुळे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

हा लेख 12 ते 18 फुटी, एका डोलकाठीच्या, 3 किंवा 4 मिलिमीटर तारेच्या होड्यांसाठी आहे. होडी बडोद्यात अंगणात ट्रेलरवर उभी असते आणि सुट्टीत पाण्यावर नेली जाते, असं धरून लिहिलं आहे. बोटीचं सामान विकणारं दुकान इथे जवळपास नाही, पण या कामाला जे लागतं ते बहुतेक सगळं शहरातच मिळतं. बडोदा रासायनिक कारखान्यांचं आणि विजेच्या उपकरणांचं गाव आहे. 316 दर्जाचं स्टेनलेस, त्याचं पिकलिंग (आम्लानं धुऊन साफ करणं), वेल्डिंगच्या तड्यांची तपासणी, फायबरच्या टाक्या बनवणारे, ग्लास-इपॉक्सीचे जाड पत्रे, हे सगळं मकरपुरा जीआयडीसीच्या आसपास विचारत गेलात की सापडतं. फक्त नेमकं काय मागायचं ते माहीत हवं.

ताण किती येतो

आधी आकडा डोळ्यांपुढे ठेवू, म्हणजे पुढची मापं कुठून आली ते कळेल. प्रत्येकी 70 किलोचे दोघे जण वाऱ्याच्या बाजूच्या कडेवर बसले आहेत आणि त्यांचं वजन होडीच्या मध्यरेषेपासून सरासरी 90 सेंटिमीटरवर पडतं आहे. 140 गुणिले 0.9, म्हणजे 126 किलोग्रॅम-मीटर इतका उलटवणारा जोर वारा लावू शकतो. त्याहून जास्त लावला तर होडी कलंडेल. चेनप्लेट डोलकाठीपासून 65 सेंटिमीटरवर असेल तर 126 भागिले 0.65, म्हणजे त्या एका श्राउडमध्ये सुमारे 195 किलो ताण. यात होडीचं स्वतःचं वजन आणि तारा मुळात ताणून ठेवलेल्या असतात तो ताण मिळवा. झुळकेचा किंवा लाटेचा हिसका बसला की आकडा सहज दुप्पट होतो. म्हणजे 400 ते 500 किलोची तयारी हवीच.

3 मिलिमीटरची 1×19 (एकोणीस धागे एकत्र पिळलेली) स्टेनलेस तार साधारण 700 किलोला तुटते, 4 मिलिमीटरची साधारण 1200 किलोला. चेनप्लेट, तिचे बोल्ट आणि तिच्याखालचं फायबर या तिन्ही गोष्टी तारेपेक्षा भक्कम असायला हव्यात, हे तत्त्व अजिबात सोडू नका. तार तुटली तर तासाभरात नवी बसते. होडीची कड फाटली तर मोसम जातो.

बिघाडाच्या खुणा

डेकवर चेनप्लेट जिथून बाहेर येते तिथून गंजाची तपकिरी रेघ उतरत असेल तर ती पुसून विषय संपवू नका. रेघ बाहेर दिसते, पण गंज आतल्या फटीत असतो. चेनप्लेटभोवती जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थराला) कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे असतील तर खालचं फायबर ताणाखाली वाकतं आहे. आत हात घालून नट चाचपा. बोटांना ओल किंवा काळपट चिकट पाणी लागलं, तर डेकच्या थरांमधलं लाकूड कुजायला लागलेलं असतं.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डेकवर दर 2 सेंटिमीटरला टकटक करत जा. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटलेल्या किंवा ओल्या जागी बद्द. आवाज बदलतो तिथे पेन्सिलनं खूण करा आणि खुणा जोडा. जो आकार उमटेल तेवढं तुमचं काम.

होडी पाण्यात असताना दिसणारी खूण आणखी एक. चालताना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची श्राउड थोडी ढिली होणं ठीक आहे. दर खेपेला टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा जोड) आणखी दोन आटे फिरवूनही ती लोंबतच असेल, तर तार ताणली जात नसून चेनप्लेट वर सरकते आहे.

काढताना

टर्नबकलच्या आत किती आटे शिल्लक आहेत ते मोजून टेपवर लिहा आणि तो टेप त्याच तारेला गुंडाळा. मग डोलकाठी उतरवा. छोट्या होडीची डोलकाठी दोघांनी उतरते, पण फोरस्टे सोडण्याआधी एकानं ती हातात धरलेली असली पाहिजे.

जुने नट जाम असतात. स्टेनलेसवर स्टेनलेस घासून आटे एकमेकांत चिकटतात, आणि जोर लावला की बोल्टच तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी बाहेरचं डोकं घट्ट धरून नट आतून हळू फिरवा. ताठ झाला तर मागे फिरवा, परत तेल द्या. मशीनचा इम्पॅक्ट पाना इथे वापरू नये, कारण वेगानं फिरवल्यावरच आटे जास्त चिकटतात.

बोल्ट निघाले तरी पट्टी डेकच्या खाचेत सीलंटनं धरलेली असते. हातोडीनं वर ठोकू नका, त्यानं डेकचा वरचा थर उचलला जातो. कटरचं पातं चारही बाजूंनी फिरवून सीलंट कापा, हेअर ड्रायरनं कोमट करा आणि खालून लाकडी ठोकळ्याच्या आधारानं ढकला.

जुनी पट्टी वाचणं

स्टेनलेस गंजत नाही तो त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. ओरखडा पडला तरी हा थर हवेतल्या ऑक्सिजननं पुन्हा जमतो. डेकच्या खाचेत, सीलंटखाली, खारट पाणी साचून राहतं आणि तिथे ऑक्सिजन पोचत नाही. थर पुन्हा जमत नाही आणि धातू आतून टोचल्यासारखा खायला लागतो. म्हणून वरचा भाग आरशासारखा आणि डेकच्या जाडीतला अर्धा इंच खड्ड्याखड्ड्यांचा, अशी पट्टी नेहमी बघायला मिळते. एखादा खड्डा नखाला अडकला तरी ती पट्टी परत बसवायची नाही. पॉलिश करून खड्डे घालवता येतात, पण त्यांच्या तळाशी सुरू झालेला तडा तसाच राहतो.

पट्टी डोळ्यांना चांगली दिसली तर डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्या. प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये याला डीपी टेस्ट म्हणतात आणि तिथे ती रोजची आहे. तीन स्प्रे कॅनचा संच आणूनही करता येते. पट्टी क्लीनरनं धुऊन कोरडी करा, लाल रंग मारा आणि 15 मिनिटं थांबा. मग क्लीनर फडक्यावर घेऊन लाल रंग पुसा. क्लीनर थेट पट्टीवर मारलात तर तड्यातला रंगही धुऊन जातो आणि खराब पट्टी पास होते. शेवटी पांढरा डेव्हलपर हलका मारा. तडा असेल तर दहा मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तार जिथे अडकते ते पिनचं भोक, वरून पहिल्या बोल्टचं भोक आणि डेकमधून जाणारा पट्टा, या तीन जागा नीट बघा.

नवी पट्टी

दुकानात नुसतं ‘एसएस’ मागितलंत तर 304 मिळतं. रेलिंगवाल्याकडे तर 202 सुद्धा असतं. आपल्याला 316 किंवा 316 एल हवं. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात फरक पडतो तो त्यानंच. लोहचुंबकानं 304 आणि 316 वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे चुंबक लावून दाखवणाऱ्यावर विसंबू नका. मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा किंवा मॉलिब्डेनम ओळखणारे रासायनिक थेंब टाकून घ्या. रासायनिक कारखान्यांना माल पुरवणाऱ्यांकडे हे थेंब असतात.

मापं अशी. 3 मिलिमीटर तारेला 25×4 मिलिमीटरची पट्टी आणि 6 मिलिमीटरची क्लेव्हिस पिन. 4 मिलिमीटर तारेला 25×5 ची पट्टी आणि 8 ची पिन. पिनचं भोक पिनेपेक्षा 0.4 मिलिमीटरच मोठं ठेवावं. पहिल्या पट्टीचा हिशेब: भोकाच्या दोन्ही बाजूंना उरलेली रुंदी 18.6 मिलिमीटर, गुणिले जाडी 4, म्हणजे 74 चौरस मिलिमीटर. 316 कायमचं वाकायला लागतं ते दर चौरस मिलिमीटरला सुमारे 205 न्यूटनला. म्हणजे साधारण 1550 किलो, तारेच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या पट्टीत हाच हिशेब 1700 किलोच्या आसपास येतो, 4 मिलिमीटर तारेच्या चांगला वर. 5 मिलिमीटर पट्टी घेण्याआधी ती टर्नबकलच्या दोन कानांमध्ये बसते ना, हे व्हर्नियरनं मोजून घ्या.

वरचं टोक 12.5 मिलिमीटर त्रिज्येचं अर्धगोल आणि पिनचं भोक बरोबर त्याच्या केंद्रात. खाली 4 बोल्ट, एकमेकांपासून 40 मिलिमीटरवर, शेवटचं भोक टोकापासून 20 मिलिमीटर आत. डेकची उंची धरून एकूण लांबी साधारण 26 सेंटिमीटर होते, पण जुनी पट्टी समोर ठेवूनच कापा.

वर्कशॉपला चार गोष्टी स्पष्ट सांगा. भोकं पंच न करता ड्रिल करायची, आणि दोन्ही बाजूंनी कडा मोडायच्या. पट्टी वाकवायची असेल तर वळणाची आतली त्रिज्या जाडीच्या दुप्पट तरी हवी, आणि वाकवण्याआधी त्या जागेचे ओरखडे पॉलिश करून टाकायचे. लोखंडावर चाललेली ग्राइंडिंग डिस्क या पट्टीला लावायची नाही, कारण लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि पहिल्याच मोसमात गंजाचे ठिपके दिसतात. सगळं झाल्यावर पिकलिंग आणि पॅसिव्हेशन (संरक्षक थर पुन्हा जमवणं) करून घ्यायचं. होता होईल तो वेल्डिंग टाळा. डेकवरची खाच झाकणारी झाकणपट्टी वेल्ड करून देतो असं कोणी म्हणालं तरी नको. वेल्डच्या कोपऱ्यात पुन्हा फट आणि पुन्हा तोच गंज.

डेकची खाच

डेक जिथे सँडविच आहे, म्हणजे दोन फायबर थरांमध्ये प्लायवुड किंवा बाल्सा आहे, तिथे खाचेची लाकडी कड उघडी राहिलेली असते. पाणी शिरतं ते तिथूनच. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावून किंवा पातळ पटाशीनं खाचेभोवतीचं लाकूड 12 ते 15 मिलिमीटर आतपर्यंत खरवडून काढा. वरचा आणि खालचा फायबर थर तसाच ठेवा. ओलं लाकूड याहून आत गेलेलं असेल तर वरचा थर चौकोनी कापून, कोरडं लाकूड लागेपर्यंत काढावंच लागतं. ओल्या लाकडावर इपॉक्सी ओतून ती आत कोंडणं म्हणजे कूज पुढे चालू ठेवणं.

पोकळी हवेशीर ठेवून वाळू द्या. ऊन असेल तर आठवडा पुरतो. मग खालून टेप लावा, आधी पातळ इपॉक्सी ब्रशनं आत फिरवा, आणि ती चिकट असतानाच सिलिका घालून शेंगदाण्याच्या चटणीइतकी घट्ट केलेली इपॉक्सी भरा. सुकल्यावर त्यातून नवी खाच पाडा, पट्टीपेक्षा चारही बाजूंनी 2 मिलिमीटर मोठी, आणि वरची कड 45 अंशांत 3 मिलिमीटर तासा. या तासलेल्या खोबणीत पुढे सीलंट बसतं. सरळ कडेच्या खाचेत सीलंटचा थर इतका पातळ राहतो की पट्टी जरा हलली की तो सुटतो.

फायबर जाड करणं

हा कामाचा गाभा आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

फायबरच्या टाक्या करणाऱ्याकडे गेलात तर तो पॉलिएस्टर रेझिन आणि चॉप्ड स्ट्रँड मॅट देईल. नवी होडी साच्यात बनवताना ते योग्यच आहे. पण जुन्या, पूर्ण सुकलेल्या पॉलिएस्टरवर नवं पॉलिएस्टर फक्त वरवर चिकटतं. दुरुस्तीला इपॉक्सी घ्या. आणि इपॉक्सी घेतलीत की मॅट घेऊ नका. मॅटमधले तुकडे ज्या बाइंडरनं एकत्र धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते, कोपऱ्यात बसत नाही आणि आत पांढरे कोरडे डाग राहतात. मागायचं ते दर चौरस मीटरला 400 ग्रॅमचं शिवलेलं बायअॅक्सिअल कापड, ज्याचे धागे अधिक-उणे 45 अंशांत असतात. ते न मिळाल्यास साधं विणलेलं ग्लास कापड, पण मॅट नाही.

तरीही कुठे पॉलिएस्टर वापरायची वेळ आलीच तर एक गोष्ट जिवाची आहे. कोबाल्ट अॅक्सिलरेटर आणि एमईकेपी कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटलिस्ट. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

इपॉक्सीत प्रमाण वजनानं आणि काटेकोर. लॅपॉक्स एल-12 बरोबर के-6 हार्डनर असेल तर 100 ग्रॅमला 10 ग्रॅम. दुसरी जोडी असेल तर डब्यावर लिहिलेलं प्रमाण. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमनं चुकला तर 10 ग्रॅम हार्डनरमध्ये थेट 10 टक्के चूक झाली. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, फार महाग नसतो. लवकर सुकावं म्हणून हार्डनर थोडा जास्त टाकणं हा गैरसमज पॉलिएस्टरकडून आलेला आहे. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर सुकत नाही, तो थराला कायमचा मऊ ठेवतो.

वेळही बघून निवडा. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशीच्या वर असतो. ढवळलेली इपॉक्सी तेव्हा भांड्यातच गरम होऊन धूर सोडते. पावसाळ्यातल्या दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट साय येते आणि पुढचा थर तिच्यावर पकडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. संक्रांतीच्या दिवसांत सकाळी गारठा असतो, म्हणून अकरा ते तीनच्या मध्ये थर टाका. एका वेळी 120 ते 150 ग्रॅमच ढवळा आणि उथळ ताटलीत पसरा.

आता पृष्ठभाग. आतल्या बाजूनं, चेनप्लेटच्या जागेभोवती 34×26 सेंटिमीटर जागा मोकळी करा. आधी अॅसिटोननं पुसा, मगच घासा. उलट केलंत तर मेण आणि तेल घासपट्टीनं फायबरमध्ये रगडलं जातं. 40 किंवा 60 नंबरच्या डिस्कनं रंग आणि चमक पूर्ण जाईपर्यंत घासा. सगळीकडे सारखं, निस्तेज, खरखरीत फायबर दिसलं पाहिजे. फायबरची धूळ फुप्फुसाला वाईट, साधा रुमाल पुरत नाही, एफएफपी2 मास्क लावा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. हल (होडीचं बाहेरचं अंग) आणि डेक मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीचा 10 मिलिमीटर त्रिज्येचा गोलवा द्या. काटकोनात कापड वळत नाही, मागे हवेची पोकळी राहते आणि ताण आला की थर तिथूनच उलगडतो.

कापडाचे 6 तुकडे, मिलिमीटरमध्ये: 320×240, 300×220, 280×200, 260×180, 240×160 आणि 220×140. सगळ्यात मोठा आधी, लहान शेवटी. मोठा आधी टाकला की तो एकसंध तुकडा पूर्ण घासलेल्या जागेला चिकटतो, आणि नंतर कडा घासताना तो कापला जात नाही. दोन्ही बाजूंना मिळून कापड 0.63 चौरस मीटर, वजन 250 ग्रॅम. रेझिन कापडाच्या वजनाइतकंच. भरणी, चिकटवणं आणि वाया जाणारं धरून 1 किलोचा संच भरपूर होतो.

घासलेल्या जागेवर आधी पातळ इपॉक्सीचा हात द्या. तुकडा प्लॅस्टिकवर ठेवून तिथेच भिजवा, मग उचलून लावा, म्हणजे उभ्या बाजूवर काम करताना ओघळ येत नाहीत. खोबणीच्या छोट्या रोलरनं मधून कडेकडे दाबत हवा काढा. नीट भिजलेलं कापड पारदर्शक दिसतं. दुधी ठिपका म्हणजे हवा किंवा कोरडं कापड. रेझिन जास्त झालं तर थर जाड दिसतो पण ठिसूळ होतो, रोलर फिरवताना त्याच्यापुढे लाट उठत असेल तर जादा रेझिन काढून घ्या. सहाही थर एका बैठकीत, ओल्यावर ओला, टाकले तर सगळ्यात चांगलं. मध्ये रात्र गेली तर सकाळी पाणी आणि खरखरीत स्पंजनं धुऊन साय काढा, सुकवा, घासा आणि मग पुढचा थर.

6 थरांची जाडी साधारण 3 मिलिमीटर भरते. दुसऱ्या दिवशी थर हाताला कडक लागेल, पण पूर्ण ताकद यायला 25 अंशांच्या आसपास आठवडा लागतो. तोवर डोलकाठी उभी करू नका.

बॅकिंग प्लेट आणि बोल्ट

फायबरमध्ये बोल्ट तुटत नाही, बोल्टचं भोक लांबट होतं. 6 मिलिमीटरचा बोल्ट 3 मिलिमीटर जाड हलला टेकतो ती जागा फक्त 18 चौरस मिलिमीटर. नवे 3 मिलिमीटर थर आणि 6 मिलिमीटरची प्लेट मिळून जाडी 12 झाली की तीच जागा 72 होते. मोठा वॉशर लावून हे साधत नाही, कारण वॉशर बोल्टला ओढून निघण्यापासून वाचवतो, भोक लांबट होण्यापासून नाही.

प्लेट ग्लास-इपॉक्सीच्या 6 मिलिमीटर पत्र्याची करा, 200×80 मिलिमीटर. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरला इन्सुलेशन पुरवणाऱ्यांकडे हा पत्रा कापून मिळतो. तपकिरी हायलम दिलं तर घेऊ नका, ते ओल धरतं. प्लायवुडही इथे नको. प्लेटचे कोपरे गोल करा, कडा 45 अंशांत तासा, दोन्ही चेहरे घासा आणि घट्ट इपॉक्सीच्या सलग थरावर दाबून बसवा. कडेनं सगळीकडून इपॉक्सी बाहेर आली म्हणजे आत पोकळी नाही.

प्लेट पक्की झाल्यावर भोकं पाडा. पण आधी डोलकाठीवर श्राउड जिथे अडकते तिथपासून चेनप्लेटपर्यंत दोरी ताणून बघा. पट्टी बरोबर त्या दोरीच्या रेषेत यायला हवी, बाजूनंही आणि पुढून-मागूनही. पाच अंशांचाही तिरकेपणा असला तर प्रत्येक हिसक्याला पट्टी डेकपाशी थोडी वाकते आणि काही मोसमांनी तिथेच तुटते. नवी पट्टी जुन्याच भोकांवर बसवण्याचा मोह इथे आवरावा. जुनी भोकं घट्ट इपॉक्सीनं भरून नवी पाडणं बरं.

भोक 6.5 मिलिमीटरचं, मागे लाकूड दाबून धरून पाडा, म्हणजे बाहेरच्या जेलकोटच्या कपच्या उडत नाहीत. आतल्या कडांना इपॉक्सीचा हात द्या. बोल्ट एम6, ए4-70 असा शिक्का असलेले, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले), वॉशर 25 मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर जाड. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा. बोल्टचे आटे नटबाहेर दोन तरी दिसले पाहिजेत, आणि पट्टीला टेकणारा बोल्टचा भाग शक्यतो बिनआट्यांचा असावा.

सीलंट

बाथरूमचं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे लावू नये. सुकताना ते अॅसिटिक आम्ल सोडतं, आणि त्याचा मागे राहिलेला थर पुढच्या वेळी इपॉक्सी किंवा रंग धरू देत नाही. समुद्री वापराचं पॉलियुरेथेन सीलंट, सिकाफ्लेक्स 291 सारखं, किंवा ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) घ्या. पट्टी पुढे तपासायला काढायची आहे, म्हणून ब्युटिल जास्त सोयीचं.

पॉलियुरेथेन लावलंत तर खोबण काठोकाठ भरा, झाकणपट्टी हातानं टेकेल इतकीच दाबा आणि मध्ये एक मिलिमीटर थर राहू द्या. दुसऱ्या दिवशी नट अर्धा फेरा घट्ट करा. बोल्टचं डोकं धरून नटच फिरवायचा, बोल्ट फिरला की त्याच्या भोवतीचं सील तुटतं. सगळं सीलंट पहिल्याच दिवशी पिळून बाहेर काढणं ही नेहमीची चूक. वर व्यवस्थित दिसतं, आत काहीच उरत नाही.

नाळेकडचं आणि डोलकाठीवरचं

फोरस्टेची जोडणी नाळेवर असते. तिथे आत हात जेमतेम जातो म्हणून कारखान्यातही पुष्कळदा नुसते स्क्रू मारलेले असतात. स्क्रू असतील तर ते काढून आरपार बोल्ट करा, त्यासाठी डेकला तपासणीचं गोल झाकण बसवावं लागलं तरी चालेल. थर आणि प्लेट वरच्याच रीतीनं, मात्र जागा अरुंद असल्यामुळे प्लेट दोन तुकड्यांत.

डोलकाठी अॅल्युमिनिअमची आणि जोडणी स्टेनलेसची, त्यामुळे दोघांत पाणी आलं की अॅल्युमिनिअम खातं. पांढरी भुकटी दिसली की जोडणी काढा, भुकटी साफ करा आणि दोन धातूंमध्ये गंजरोधक पेस्ट भरून परत बसवा. ताणाच्या जागी अॅल्युमिनिअमचे पॉप रिव्हेट नकोत, 4.8 मिलिमीटरचे मोनेल (निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू) किंवा स्टेनलेसचे घ्या.

पाण्यात नेण्याआधी

बागेच्या नळीनं प्रत्येक चेनप्लेटवर दहा मिनिटं पाणी सोडा आणि आतून टिश्यू पेपर लावून बघा. मग डोलकाठी उभी करा, होडी ट्रेलरला पट्ट्यांनी आवळा आणि शिड चढवायच्या दोरीला ताणकाटा लावून एका माणसानं बाजूला ओढावं. श्राउडच्या जोडणीच्या उंचीवर, डेकपासून 4.5 मीटरवर, 20 किलो ओढ लावली तर 65 सेंटिमीटरवरच्या चेनप्लेटवर सुमारे 140 किलो येतात. ओढ लावण्याआधी पट्टीवर आणि डेकवर मिळून मार्करची एक सरळ रेघ मारून ठेवा. ओढताना रेघ तुटली, तर काहीतरी सरकतं आहे. दोरीच्या सरळ रेषेत कोणी उभं राहू नये.

ट्रेलरवरून मुंबई किंवा दीवकडे जाताना आवळपट्टे चेनप्लेटला अडकवण्याची सवय फार ठिकाणी दिसते. ताण तेव्हा आडवा येतो आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा पट्टी वाकवतो. पट्टे होडीच्या पोटावरून घ्या.

पहिल्या फेरीनंतर तारा थोड्या ढिल्या होतात, त्या आवळा, आणि नट आतून हातानं तपासा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर चेनप्लेटवर गोडं पाणी मारायला दोन मिनिटं लागतात. ब्युटिल दर दोन वर्षांनी बदलावं आणि पाच-सहा वर्षांनी पट्टी पूर्ण काढून पुन्हा डीपी टेस्ट करावी. डेकच्या आतल्या बाजूला, प्लेटशेजारी, पक्क्या मार्करनं बसवल्याची तारीख, पट्टीचा दर्जा आणि बोल्टचं माप लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाना हातात घेणारा कोणीही असो, नट सोडण्याआधी त्याला हे दिसेल.